सौम्य मोव्ह रंग घरात आणि पत्रिकेवर वापरताना: आधी प्रकाश, मग फरशी आणि लाकूड, शेवटी शेड

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या नव्या दोन बेडरूमच्या सदनिकेत दिवाणखान्याला आणि एका शयनगृहाला राखाडी झाक असलेला मंद मोव्ह, म्हणजे फिका जांभळा-गुलाबी, रंग द्यावा, असे आपल्या मनात आहे. दिवाणखाना पश्चिमेकडे उघडतो, शयनगृहाची खिडकी उत्तरेला आहे, फरशी आयव्हरी रंगाच्या व्हिट्रिफाइड टाइल्सची आहे आणि जुन्या घरातला सागवानी सोफा व देवघर इथे येणार आहे. वास्तुशांतीची पत्रिकाही याच रंगात छापायची आहे. शेड कार्डावर आवडलेला हा रंग भिंतीवर मळकट किंवा भडक दिसेल का, ही आपली शंका आहे. शिवाय सासूबाईंना तो उदास वाटतो.

माझे मत सुरुवातीलाच सांगते. हा रंग आपल्या घराला शोभेल, परंतु त्याची निवड शेड कार्डापासून सुरू करू नये. आधी घरातले दिवे ठरवावेत, नंतर फरशी आणि लाकूड यांच्या शेजारी रंग कसा दिसतो ते पाहावे आणि सर्वांत शेवटी डब्याचा शेड क्रमांक निश्चित करावा. क्रीम किंवा पिस्ता रंग घेताना हा क्रम उलटा झाला तरी फारसे बिघडत नाही. मोव्हच्या बाबतीत हमखास बिघडते, आणि त्याचे कारण त्या रंगाच्या घडणीतच आहे.

रंग मोजण्याच्या मन्सेल पद्धतीत प्रत्येक रंगाचे तीन गुण पाहतात: तो कोणत्या जातीचा आहे, किती उजळ आहे आणि किती शुद्ध आहे. मंद मोव्ह हा जांभळा आणि गुलाबी यांच्या मधल्या जातीचा असतो. उजळपणा आपण ठरवू तसा कमी-अधिक करता येतो, पण शुद्धता मात्र अगदी कमी असते. संगणकाच्या पडद्यावरचे रंगांचे आकडे घेतले तर हे चटकन लक्षात येते. लाल १५७, हिरवा १३४ आणि निळा १४६ असे प्रमाण घेतले की एक नमुनेदार मंद मोव्ह मिळतो. आरएएल या जर्मन रंगपद्धतीतली ४००९ क्रमांकाची पेस्टल व्हायोलेट छटा साधारण अशीच आहे. यातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा यांच्यात २५५ पैकी फक्त २३ चा फरक आहे. म्हणजे हा मुळात राखाडीच आहे आणि त्यावर रंगाची केवळ झाक आहे. त्याची सारी ओळख एवढ्याशा फरकावर उभी असल्यामुळे दिव्यातून थोडा पिवळेपणा आला किंवा खिडकीतून थोडी हिरवी छाया आली, की तोल ढळतो आणि भिंत एकतर सिमेंटसारखी राखाडी दिसू लागते, नाहीतर फिकट विटकरी.

दुसरे कारण प्रकाशाचे आहे. जांभळ्या-गुलाबी घराण्यातल्या रंगांना इंद्रधनुष्यात स्वतःची अशी एक जागा नाही. वर्णपटाच्या एका टोकाचा निळा आणि दुसऱ्या टोकाचा लाल असे दोन्ही एकाच वेळी डोळ्यांपर्यंत पोहोचले आणि मधला हिरवा कमी पडला, की आपल्याला तो रंग दिसतो. घरोघरी असलेल्या पांढऱ्या एलईडी दिव्यात मुळात निळा प्रकाश देणारी चिप असते आणि तिच्यावरचा फॉस्फरचा थर त्या निळ्याचा काही भाग पिवळ्या-हिरव्या प्रकाशात बदलतो. साध्या दर्जाच्या दिव्यांत गडद लाल प्रकाश फारच कमी असतो. मोव्हला जगण्यासाठी लागणाऱ्या दोन टोकांपैकी एक टोकच अशा दिव्याखाली तुटलेले असते. दुकानात दिवसाच्या उजेडात पसंत केलेली भिंत रात्री निर्जीव दिसते, ती याच कारणाने. पेंटरने रंगात काही मिसळले असेल असा संशय घेण्याची गरज नसते.

म्हणून पहिला खर्च दिव्यांवर करावा. खोक्यावर दोन आकडे छापलेले असतात. पहिला केल्विनमध्ये असतो: २७०० ते ३००० म्हणजे वॉर्म व्हाइट, ४००० म्हणजे मधला पांढरा आणि ६५०० म्हणजे आपल्याकडच्या ट्यूबलाइटचा निळसर पांढरा, ज्याला दुकानदार कूल डेलाइट म्हणतात. दुसरा आकडा सीआरआयचा, म्हणजे त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा असतो. साध्या दिव्यांचा तो ८० च्या आसपास आणि चांगल्या दिव्यांचा ९० किंवा अधिक असतो. इथे एक बारकावा आहे. सीआरआय ही आठ फिकट नमुना रंगांवरून काढलेली सरासरी असते आणि त्या आठांत गडद लाल नसतो. त्याचा आकडा आर९ या नावाने वेगळा मोजतात आणि तो बहुधा खोक्यावर नसतो, कंपनीच्या माहितीपत्रकात असतो. मोव्ह भिंती असलेल्या घरासाठी सीआरआय ९० आणि आर९ किमान ५० असलेले दिवे घ्यावेत, असा माझा आग्रह असतो. दिव्यांमागे पडणारा जास्तीचा खर्च भिंत पुन्हा रंगवण्याच्या मजुरीपेक्षा नक्कीच कमी असतो.

केल्विनचा निर्णय खोलीच्या वापरावर सोडावा. ६५०० च्या ट्यूबलाइटखाली मंद मोव्ह निळसर राखाडी होतो आणि खोलीला दवाखान्यासारखी थंड कळा येते. २७०० च्या दिव्याखाली निळा भाग जवळपास गिळला जातो आणि भिंत गुलाबी-तपकिरी दिसते. काहींना ती आवडते, पण तो मोव्ह उरत नाही. दिवाणखान्यात ३००० ते ४००० च्या दरम्यानचे दिवे ठेवावेत आणि एकाच खोलीत दोन जातींचे पांढरे दिवे मिसळू नयेत. फॉल्स सीलिंगमधल्या पट्टीत वॉर्म आणि मधोमध ट्यूबलाइट कूल, अशी आपल्याकडे सर्रास दिसणारी मांडणी या रंगाला सर्वांत वाईट ठरते, कारण एकाच भिंतीचा वरचा भाग गुलाबी आणि खालचा राखाडी दिसतो.

आता दिवसाचा प्रकाश पाहू. पश्चिमेच्या दिवाणखान्यात सकाळभर थेट ऊन नसेल. आकाशाचा किंचित निळसर उजेड असेल आणि भिंत शांत, राखाडीकडे झुकलेली दिसेल. दुपारी चारनंतर ऊन तिरपे आत आले की तीच भिंत गुलाबी होईल आणि सूर्यास्ताच्या सुमारास काही वेळ जवळजवळ विटकरी दिसेल. हा बदल दोष मानू नये. या रंगाची खरी श्रीमंती तीच आहे. फक्त तो बदल आपल्याला आवडतो का, हे आधी पाहून घ्यावे. उत्तरेच्या शयनगृहात मात्र दिवसभर निळसर उजेडच राहील आणि पावसाळ्यात, आकाश भरलेले असताना, तो आणखी थंड होईल. तिथे दिवाणखान्याचाच डबा वापरला तर भिंत उदास दिसेल, आणि सासूबाईंची तक्रार खरी ठरेल. शयनगृहासाठी गुलाबी झाक अधिक असलेली, अंजिराच्या गराकडे झुकणारी शेड घ्यावी. दोन खोल्यांत एकच रंग ‘दिसायला’ हवा असेल, तर दोन वेगळे डबे लागतात, हे ग्राहकांना पटवून द्यायला मला नेहमीच थोडा वेळ लागतो, पण नमुना पाहिल्यावर ते पटते.

खिडकीबाहेर दाट झाडे असतील तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. पानांवरून येणारा उजेड हिरवा असतो आणि हिरवा हा मोव्हला मारणारा रंग आहे. दोन्ही एकमेकांना खोडून राखाडी उरतो. कोकणातल्या आंबा-फणसाच्या सावलीतल्या घरांत आणि तळमजल्यावरच्या बागेकडच्या खोल्यांत मी हा रंग शक्यतो सुचवत नाही. आपली सदनिका कोणत्या मजल्यावर आहे हे आपण लिहिलेले नाही. खिडकीसमोर गुलमोहर किंवा पर्जन्यवृक्ष असेल तर जुलैमध्ये, तो हिरवागार असताना, नमुना पाहून मगच निर्णय घ्यावा.

प्रकाशानंतर शेजार. शेजारचे रंग एकमेकांचे रूप कसे पालटतात, याचा पद्धतशीर अभ्यास फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्ह्रल यांनी केला. पॅरिसच्या गोबलँ या विणकाम कारखान्यात ते रंगाई विभागाचे प्रमुख होते. धाग्याचे काही रंग फिके पडतात, या तक्रारीचा शोध घेताना त्यांच्या लक्षात आले की दोष रंगाईत नसून शेजारी विणलेल्या धाग्यांत आहे, आणि १८३९ मध्ये त्यांनी आपला सिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला. त्याचे सार असे, की प्रत्येक रंग आपल्या शेजाऱ्याला स्वतःच्या विरुद्ध रंगाकडे ढकलतो. पिवळ्याचा विरुद्ध जांभळा. म्हणून आपली आयव्हरी फरशी, जी मुळात फिकट पिवळी आहे, भिंतीला आहे त्याहून अधिक जांभळी दाखवेल. सागवानावरचे पॉलिश नारिंगी असते आणि नारिंगीचा विरुद्ध निळा. त्यामुळे सोफ्यामागची भिंत किंचित निळसर भासेल. उलट ऊन आणि वॉर्म दिवे तिला प्रत्यक्षच गुलाबी करतील. आपल्या दिवाणखान्यात हे दोन्ही परिणाम एकमेकांना बरेचसे सावरून धरतात, आणि म्हणूनच तिथे ना फार निळी, ना फार गुलाबी अशी मधली शेड योग्य ठरेल असे मला वाटते.

लाकडाबाबत माझी मते थोडी ठाम आहेत. नैसर्गिक सागवान आणि मोव्ह यांची जोडी उत्तम जमते, कारण एक उबदार व रेषांनी भरलेला आणि दुसरा थंड व सपाट असतो. अक्रोडी, राखाडी-तपकिरी व्हिनियरही चांगले. परंतु लालसर महोगनी किंवा रोझवूड पॉलिश असलेले फर्निचर या रंगाशेजारी ठेवू नये. दोघांतही लाल आहे, पण दोन वेगळ्या जातींचा, आणि एकत्र आले की दोन्ही मळके दिसतात. आपला जुना सोफा अनेक वर्षांच्या पॉलिशने लालसर झाला असेल, तर तो घासून त्याला फिके, नैसर्गिक पॉलिश करून घ्यावे आणि मगच त्याच्या शेजारी भिंतीचा नमुना पाहावा. देवघरातली पितळी समई, घंटा, तांब्याचे ताम्हन यांची काळजी करू नये. पितळेचा पिवळा रंग मोव्हमधल्या जांभळ्याच्या विरुद्ध आहे आणि अशा छोट्या प्रमाणात तो भिंतीला जिवंत करतो. दसऱ्याचे झेंडूचे तोरण या भिंतीवर जसे उठून दिसते तसे क्रीम भिंतीवर कधीही दिसत नाही.

पांढऱ्याचा विचार बहुतेक जण करतच नाहीत. छत, दाराच्या चौकटी, स्विचबोर्ड, हे सगळे कोणत्या पांढऱ्याचे आहेत यावर भिंत स्वच्छ दिसेल की मळकट, हे बरेचसे ठरते. निळसर, झगझगीत पांढरे छत मोव्हला घाणेरडा ठरवते, कारण त्याच्या तुलनेत भिंतीतला राखाडी उघडा पडतो. पिवळट क्रीम छत भिंतीला जांभळी करते. मोतिया म्हणावा असा, किंचित राखाडी मिसळलेला पांढरा घ्यावा. किंवा भिंतीचाच रंग २५ टक्के तीव्रतेने मिसळून छताला द्यावा, म्हणजे खोली एकसंध वाटते आणि कमी उंचीचे छत अंगावर येत नाही. स्विचप्लेट आयव्हरी घेऊ नयेत. आयव्हरी प्लॅस्टिक मोव्ह भिंतीवर पहिल्या दिवसापासून जुने, पिवळे पडल्यासारखे दिसते. पांढऱ्या किंवा राखाडी प्लेट घ्याव्यात.

‘मंद’ आणि ‘मळकट’ यांतला फरक रंग कशाने मंद केला आहे यात असतो. रंगाच्या दुकानातले टिंटिंग मशीन पांढऱ्या बेसमध्ये मोजून रंगद्रव्ये सोडते. एखादी मोव्ह शेड किरमिजी रंगद्रव्य आणि थोडा काळा यांनी बनते, तर दुसरी, कार्डावर जवळपास तशीच दिसणारी, किरमिजी, रेड ऑक्साइड आणि थोडा निळा यांनी. पहिलीला काळ्यामुळे सिमेंटसारखा थंडपणा येतो. दुसरीत ऑक्साइडची मातीची ऊब असते आणि ती आपल्याकडच्या उन्हात, सागवानाशेजारी, कितीतरी अधिक चांगली दिसते. शेडचे सूत्र विक्रेत्याच्या संगणकावर असते. कोणती द्रव्ये पडणार हे विचारायला संकोच करू नये. दोन शेडमध्ये अडखळला असाल तर ऑक्साइड असलेली निवडावी.

नमुना पाहण्याची पद्धत मात्र काटेकोर हवी, कारण याच टप्प्यावर लोक घाई करतात. भिंतीवर जुन्या रंगावर मारलेला हातभर पट्टा काहीच सांगत नाही. दोन फूट बाय दोन फुटांचे हार्डबोर्डचे तुकडे घ्यावेत, त्यांना पुट्टी आणि प्रायमर लावून नमुन्याच्या रंगाचे पूर्ण दोन हात मारावेत आणि एक दिवस सुकू द्यावेत. इमल्शन ओले असताना फिके दिसते आणि सुकल्यावर किंचित गडद होते. ओल्या नमुन्यावर मत बनवू नये. मग पाटी उभी धरावी, आडवी कधीही नाही, कारण आडव्या पृष्ठभागावर छताचा उजेड पडतो आणि भिंतीवर तसा तो पडत नाही. तिचा खालचा काठ टाइलच्या स्कर्टिंगला टेकवावा, एका बाजूला सागवानाचा तुकडा ठेवावा आणि सकाळी, भर दुपारी, साडेपाचला आणि रात्री नवे दिवे लावून पाहावी. दोन पाट्या काटकोनात, खोलीच्या कोपऱ्यासारख्या जोडून धराव्यात. त्या कोपऱ्यात रंग एकदम अधिक गाढ झालेला दिसेल, कारण एका भिंतीवरून उडालेला रंगीत उजेड दुसरीवर पडतो. चारही भिंती रंगवल्यावर संपूर्ण खोलीत हेच घडते. म्हणूनच कार्डावर जी शेड नेमकी वाटते, तिच्यापेक्षा एक पायरी फिकी आणि एक पायरी अधिक राखाडी शेड भिंतीसाठी निवडावी.

उजळपणासाठी एलआरव्ही, म्हणजे भिंत किती टक्के प्रकाश परत फेकते तो आकडा पाहावा. अनेक शेडसाठी कंपन्या तो देतात. वर सांगितलेल्या १५७-१३४-१४६ या नमुन्याचा एलआरव्ही २६ च्या आसपास येतो, आणि संपूर्ण दिवाणखान्यासाठी तो फार गडद आहे. लाल २०५, हिरवा १९० आणि निळा २०० अशा छटेचा एलआरव्ही ५४ च्या जवळ येतो, आणि आपल्या दिवाणखान्यासाठी मी या पट्ट्यातच शोध घेईन. गडद छटा शयनगृहात पलंगामागच्या भिंतीला चालेल.

एक भिंत गडद आणि उरलेल्या तीन क्रीम, ही आपल्याकडची ‘हायलाइट’ भिंतीची रीत मोव्हसाठी मला पटत नाही. तीन क्रीम भिंती मिळून त्या एका भिंतीला जांभळी करतात आणि ती भिंत त्या तिघींना पिवळ्या करते. आपल्याला नको असलेला भडकपणा बहुधा इथूनच येतो. चारही भिंती फिकट मोव्ह ठेवाव्यात. एखादी जागा उठावदार हवीच असेल, तर जुन्या वाड्यांत आणि शाळांत जसा भिंतीच्या खालच्या भागाला ऑइलपेंटचा पट्टा असे, तसा तीन-साडेतीन फुटांपर्यंतचा पट्टा त्याच घराण्यातल्या गडद छटेत द्यावा. हात लागून मळणारा भागही त्यामुळे झाकला जातो. वर मॅट आणि खालच्या पट्ट्याला धुता येणारे शीन फिनिश, ही विभागणी व्यवहारातही सोयीची पडते. आरशाभोवती आणि ड्रेसिंग टेबलच्या मागे मात्र हा रंग गडद ठेवू नये. शेव्ह्रल यांच्याच नियमाने जांभळी पार्श्वभूमी चेहऱ्यावर पिवळट छाया आणते.

कापडाचा विषय वेगळा आहे, कारण तिथे ऊन हा मोठा शत्रू आहे. मोव्ह रंगाचा आधुनिक इतिहासच कापडापासून सुरू होतो. १८५६ मध्ये लंडनमध्ये विल्यम हेन्री पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी मलेरियावरचे क्विनीन प्रयोगशाळेत बनवता येते का ते पाहत होता. ॲनिलीनवरच्या प्रयोगात त्याला औषधाऐवजी रेशीम रंगवणारे जांभळे द्रव्य मिळाले. १८५८ मध्ये राणी व्हिक्टोरिया थोरल्या राजकन्येच्या विवाहात मोव्ह पोशाखात आली आणि हा रंग सर्वत्र पसरला. त्या पिढीतले ॲनिलीन रंग उन्हात लवकर विटत. आजची रंगद्रव्ये पुष्कळ टिकाऊ आहेत, तरी पश्चिमेच्या खिडकीवर मोव्ह पडदा लावताना उन्हात रंग टिकण्याची श्रेणी विचारून घ्यावी. ती १ ते ८ अशी असते. पाचाखालचे कापड त्या खिडकीसाठी घेऊ नये आणि कोणत्याही श्रेणीच्या कापडाला फिक्या सुती कापडाचे अस्तर शिवावे. मंद मोव्हचा निळा अंश आधी उडाला, की पडदा दोन उन्हाळ्यांत चहाच्या डागासारखा तपकिरी दिसतो. माझा सल्ला उलटाच आहे: पश्चिमेला पडदे साध्या, न रंगवलेल्या लिननचे ठेवावेत आणि मोव्ह कापड अभ्रे, गादीची खोळ, सतरंजी अशा, उन्हापासून दूर असलेल्या आणि बदलता येणाऱ्या वस्तूंत आणावे. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचे खण गडद वांगी आणि अंजिरी छटांत मिळतात. दोन-चार अभ्रे त्यांचे शिवले तर भिंतीच्या फिक्या रंगाला आधार मिळतो आणि घर आपले वाटते.

सासूबाईंच्या आक्षेपाचा मी आदर करते, आणि त्यात तथ्य नाही असे म्हणणार नाही. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये सुतकाच्या काळ्या कपड्यांनंतरच्या उत्तरकाळात राखाडी आणि मोव्ह वस्त्रे वापरण्याची प्रथा होती, त्यामुळे या रंगाला तिकडे खरोखरच शोकाची छाया होती. आपल्याकडे मात्र याच घराण्यातल्या वांगी, अंजिरी, कोनफळी रंगांच्या साड्या लग्नकार्यात हौसेने नेसल्या जातात. त्यांच्या कपाटातली अशी एखादी साडी नमुन्याच्या पाटीशेजारी उलगडून ठेवावी आणि कोणती छटा घ्यायची हे त्यांनाच ठरवू द्यावे. ज्येष्ठांच्या डोळ्यांना साड्यांच्या छटांतले अंतर फार बारकाईने कळते, आणि ती नजर इथे वाया घालवू नये.

भिंतीच्या कामातल्या दोन सूचना थोडक्यात देते. सदनिका नवी आहे. प्लास्टर ओले आणि क्षारयुक्त असेल तर या रंगाचे चट्टे चटकन दिसतात, म्हणून प्लास्टर पुरते सुकल्याशिवाय आणि क्षाररोधक प्रायमर लावल्याशिवाय रंगाचा हात मारू देऊ नये. आणि एका खोलीचा सारा रंग एकाच वेळी घेऊन, मोठ्या पिंपात एकत्र ढवळून मगच वापरावा. दोन डब्यांतला किरकोळ फरक क्रीममध्ये दिसत नाही, इथे भिंतीच्या मध्यावर रेष उमटते. नंतरच्या टचिंगसाठी त्यातलाच लिटरभर रंग झाकण घट्ट लावून, त्यावर शेड क्रमांक, बेस आणि तारीख लिहून ठेवावा.

आता पत्रिका. चार रंगांच्या ऑफसेट छपाईत मंद मोव्ह निळसर सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा या चारही शायांच्या ठिपक्यांतून बनतो आणि यातली एक शाई किंचित जास्त सुटली की छपाईच्या सुरुवातीची पत्रिका गुलाबी आणि शेवटची राखाडी निघते. पार्श्वभूमी सलग मोव्ह हवी असेल तर मुद्रकाला चार शायांऐवजी मिसळून तयार केलेली एकच विशेष शाई वापरायला सांगावे. कागदही आधी ठरवावा. पुण्यातल्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणचा हातकागद या रंगाला फार शोभतो, पण तो शाई पितो आणि छटा गडद व मंद होते, त्यामुळे चकचकीत आर्ट पेपरवर काढलेला नमुना पाहून मंजुरी देऊ नये. नमुना त्याच कागदावर काढून घ्यावा. आणि तो आपल्या नव्या दिव्यांखाली पाहावा, छापखान्यातल्या ट्यूबलाइटखाली नाही.

मजकूर मोव्हमध्ये छापण्याचा मोह टाळावा. १५७-१३४-१४६ या छटेचा पांढऱ्याशी उजळपणाचा फरक सुमारे ३.४ पट भरतो. पडद्यावर वाचायच्या लहान अक्षरांसाठी किमान ४.५ पट हवा असे वेबसाठीचे मान्य मानक सांगते. व्हॉट्सॲपवर पाठवायच्या पत्रिकेत अक्षरांसाठी लाल १२५, हिरवा ९९, निळा ११८ इतकी गडद छटा घेतली तर हा फरक ५.४ च्या आसपास जातो आणि वाचन सुखाचे होते. छापील पत्रिकेवर तर देवनागरीच्या अनुस्वार, रफार आणि वेलांटीच्या बारीक टोकांचा प्रश्न येतो. तीन-चार शायांतून बनलेले बारीक अक्षर रजिस्टर, म्हणजे शायांचे एकमेकींवर नेमके बसणे, जराही हलले की दुहेरी दिसते आणि पाहुण्यांना पत्ता वाचताना कष्ट होतात. मजकुरासाठी एकच गडद शाई वापरावी. मला गडद वांगी आवडते.

पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळद-कुंकू लावण्याची रीत आपण पाळणारच असाल. मोव्ह कागदावर हळद झळकते, पण कुंकू त्या रंगाच्या जवळचे असल्याने बुजते आणि बोटाचा ठसा डाग पडल्यासारखा दिसतो. मुद्रकाला सांगून चारही कोपऱ्यांत अंगठ्याएवढी जागा मोतिया रंगाची कोरी ठेवून घ्यावी.